इंजिन उतरलं, दुखणं गाडीतच राहिलं

परभणी रोडच्या एका गॅरेजात टाटाची बोनेटवाली १२१० ट्रकगाडी उभी होती, मागं पाण्याची टाकी. बोनेट उघडं, रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला आणि त्याच्या खालच्या तोंडातून तांबडं गंजकं पाणी अजून ठिबकत होतं. हेडचं पॅकिंग, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली गॅसकेट, उडालं होतं. सहाव्या सिलिंडरच्या कडेला पॅकिंगचा पत्रा जळून काळा पडलेला लांबूनही दिसत होता. मिस्त्रीनं हात पुसत मालकाला विचारलं, "इंजिन तर मागल्याच साली टाकलं ना?" "टाकलं की. कुर्ल्याहून आणलतं." "मग जुन्याला काय झालतं?" "कामाला आलतं, दुरुस्तीला." "कामून?" मालकानं खांदे उडवले. "ते कोण बघतंय हो. उतरवलं त्याच दिशी भंगारवाला आला, किलोवर घेऊन गेला."

त्याचं हे शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. इंजिन बदलणं आपल्याकडे अप्रूपाचं राहिलेलं नाही. कारखान्यांचे पट्टे पडले, उसाची शेवटची खेप उतरली, की उन्हाळ्यात गॅरेज लाइनीत बोनेट वर केलेल्या गाड्यांची रांग लागते. टँकरवाल्यांना तेवढीही सवड नसते, त्यांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. मग घाई होते. दुसरं इंजिन बसवायला मोठा मिस्त्री लागतो, त्याची मजुरी ठरते, बसवून झालं की नारळ फुटतो. उतरवायचं काम मात्र पोरांच्या अंगावर टाकलेलं असतं. "चार नट खोलायचे अन् उचलायचं, त्यात काय एवढं?" पण जो मालक स्वतःच्या हातानं इंजिन उतरवायला घेतो, त्याच्या हाताशी एक गोष्ट असते, जी पोरांकडं नसते. ती म्हणजे बघायला वेळ. आणि उतरवण्याच्या कामात खरी किंमत बघण्याचीच आहे.

इंजिन मेलं कशानं, याचा पुरावा निम्मा इंजिनात असतो आणि निम्मा गाडीत.

म्हणून पहिला पाना लावायच्या आधी, इंजिन जाम नसेल तर, ते एकदा सुरू करून बघावं. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून ठेवावं आणि मग सेल्फ मारावा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरते आहे. पॅकिंग तरी गेलंय किंवा हेडला चीर तरी आहे. ऑईल भरायच्या तोंडावर तळहात धरला आणि तो धक्क्याधक्क्यानं वर ढकलला गेला, धूर भसाभसा आला, तर बॅक कम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर संपलेत. धूर निळसर असेल तर गाडी ऑईल खाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत असेल तर पाणी तरी जळतंय किंवा डिझेल न जळता बाहेर पडतंय. हे वासावरून लगेच कळतं. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. ऑईल प्रेशरचा काटा थंडपणी वर आणि गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, जमिनीला टेकत असेल, तर क्रँकचे बेअरिंग झिजले आहेत. हे सगळं खडूनं भिंतीवर नाहीतर वहीत लिहून ठेवावं. एकदा इंजिन साखळीला लटकलं की ते काही बोलत नाही.

आता गाडीतला पुरावा. मराठवाड्यात इंजिनं तीन गोष्टींनी जातात: पाणी, धूळ आणि घाणेरडं डिझेल. आणि तिन्ही गोष्टी इंजिन उतरल्यावर गाडीतच राहतात. पाण्याचं आधी सांगतो. बोअरवेलचं पाणी जड. तेच रेडिएटरमध्ये भरायचं, उकळलं की पुन्हा तेच ओतायचं; पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो. रेडिएटरच्या चपट्या नळ्या आतून पांढऱ्या थरानं बुजत जातात आणि ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये, विशेषतः पंपापासून लांबच्या मागच्या सिलिंडरांपाशी, गाळ बसतो. पुढचं सिलिंडर गार आणि मागचं भाजलेलं, अशी अवस्था होते. रेडिएटर तपासायला यंत्र लागत नाही. काढल्यावर उभा करावा, खालचं तोंड हातानं बंद करून काठोकाठ भरावा आणि हात एकदम सोडावा. पाणी लोंढ्यानं खाली आलं पाहिजे. करंगळीएवढी धार लागली तर नळ्या बुजल्यात. रेडिएटरवाल्याकडं वरची टाकी सोडवून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घेतल्याशिवाय तो परत गाडीला लावूच नये. आणखी एक खोड आपल्याकडे सर्रास आहे: ऊन फार, म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेकायचा. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथं तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरकडं न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे गार करायला गेलो आणि उलटंच झालं.

धुळीचं दुखणं पाण्यापेक्षा गुपचूप मारतं. उसाच्या फडातली गाडीवाट, जिनिंगकडं जाणारा फुफाटा, यांतून चालणाऱ्या गाडीचा ऑईल बाथ एअर क्लीनर (ऑईलच्या वाटीवरून हवा गाळणारा) आठवड्यात चिखलानं भरतो. वाटीतलं ऑईल दाट झालं की धूळ धरत नाही. पण त्याहून वाईट म्हणजे क्लीनरपासून मॅनिफोल्डकडं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपाकडं, जाणारी रबरी नळी. तिला बारीक चीर गेली किंवा क्लिप सैल झाली, की गाळणीला वळसा घालून धूळ थेट बोअरमध्ये जाते. नळी काढली की लगेच तिच्या आत, क्लीनरच्या पुढच्या अंगाला, स्वच्छ पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर करडी धूळ आली, तर रिंगा कशानं गेल्या ते समजलं. तीच नळी तशीच दुसऱ्या इंजिनाला लावली, तर त्याचाही निकाल ठरलेला. डिझेलचं म्हणाल तर टाकीच्या तळाचा नट खोलून पहिलं लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर आणि गंजाची रेती दिसली की डिझेल फवारणारे नोझल का चिकटत होते, ते कोणाला विचारायला नको.

या गाड्यांमध्ये नेमकं कुठलं इंजिन आहे, हेही उतरवण्याआधीच ठरवून घ्यावं. टेल्कोचा (आजची टाटा मोटर्स) डायमलर-बेन्झशी करार १९५४ ते १९६९ असा चालला आणि त्याच घराण्यातून टाटाची जुनी सहा सिलिंडरची इंजिनं आली. त्यांच्या नंबरातच माप आहे: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचं बोअर, ६९७ म्हणजे सहा आणि ९७, ४०७ मध्ये येणारं ४९७ म्हणजे चार आणि ९७. ६९२ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १२० मिलिमीटर, ६९७ चा १२८. म्हणून एक ४.८ लिटरच्या आसपास भरतं आणि दुसरं ५,६७५ सीसीचं. गाडीच्या नंबराचा हिशेब वेगळा: १२१० म्हणजे बारा टनी आणि शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर, १६१३ म्हणजे सोळा टनी आणि १३०. तीन हात बदललेल्या जुन्या गाडीच्या बोनेटवर काय लिहिलंय आणि आत काय बसलंय, याचा संबंध उरलेला असतोच असं नाही. इंजिन आणायला जाणारा माणूस "१२१० चं द्या" म्हणून विचारतो आणि फसतो.

जागा निवडताना सगळ्यात मोठा शत्रू पायाखालची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा आणि वळवाचा एक पाऊस पडला की ती लोण्यासारखी. इंजिन टांगायच्या तिपाईचा एक पाय भेगेत उतरला की अर्धा टन वजन बाजूला झुकतं आणि मग त्याला कुणी धरू शकत नाही. काँक्रीटची जागा मिळाली तर उत्तम. नसेल तर तिपाईच्या प्रत्येक पायाखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट आणि तिन्ही पाय बुडाशी एकमेकांना साखळीनं बांधलेले, म्हणजे ते फाकत नाहीत. गावाकडं लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या फांदीला चैन कुप्पी (साखळीची कप्पी) टांगून इंजिन काढतात. ते काम निभावलेलं अनेकांनी पाहिलंय, म्हणूनच ते धोक्याचं आहे. फांदी वाकून इशारा देईल असं नाही. आतून कीड असेल तर ती कडकन मोडते. जेसीबीच्या बकेटला साखळी अडकवून उचलणंही तसंच. त्या लिव्हरला बोटभर हालचालीचं काम सांगणं म्हणजे ऑपरेटरच्या मूडवर इंजिन टांगणं. गिअरबॉक्स वगळून ६९७ चं वजन अर्धा टन धरावं आणि कुप्पी दोन टनी घ्यावी. उंचीचा हिशेब आधी मांडावा: चेसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवरून इंजिनाचा चेंबर (बुडाची ऑईलची टाकी) सुटायला हवा, त्यावर इंजिनाची उंची, त्यावर साखळी, आणि वर कुप्पीचे स्वतःचे दोन हूक. पुष्कळांची तिपाई इथंच तोकडी पडते आणि इंजिन अर्ध्यात लोंबकळत राहतं.

गाडी उभी करताना पुढची चाकं सरळ. इंजिन लटकलं की इंजिन हलवायचं नसतं, गाडी मागं सरकवायची असते. म्हणून ती सरकेल अशी उभी पाहिजे आणि नको तेव्हा सरकणार नाही असे लाकडी गुटके चारही बाजूंनी पाहिजेत. एअर ब्रेकच्या गाडीला मागं स्प्रिंग ब्रेक असतील, तर हवा संपली की मागची चाकं जाम होतात, आणि कंप्रेसर तर इंजिनावरच असतो, तो उतरला की हवा भरणार कुठून? तेव्हा ब्रेक चेंबरच्या मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आधीच आवळून ठेवावी लागते. ब्रेक चेंबरची क्लॅम्प मात्र चुकूनही खोलायची नाही. आतली स्प्रिंग माणूस मारते.

ऑईल कोमट असताना काढावं, म्हणजे तळाची घाण त्याच्याबरोबर येते. पाणी मात्र थंड झाल्यावरच. रेडिएटरचा कॉक उघडून भागत नाही, ब्लॉकच्या कडेलाही कॉक असतो. तो क्षारानं बुजलेला असेल तर तारेनं टोचावा. तिथून गाळाचा गोळा पडला की पुराव्यात भर. ऑईलसाठी वीस लिटरचा डबा ठेवावा आणि पहिली धार पसरट ताटात घेऊन उन्हात तिरकी धरावी. पिवळट चकाकी दिसली तर बेअरिंगचा बुश सुटलाय. पांढरी ॲल्युमिनियमची चमक असेल तर पिस्टन घासलाय. ताकासारखं झालं असेल तर पाणी मिसळलंय, आणि पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा डायफ्राम किंवा सील, नाहीतर नोझल बघायचा. ऑईल फिल्टर फेकू नये. छन्नीनं कापून कागदाची घडी उलगडावी, ताटात न दिसलेलं तिथं अडकलेलं असतं. हे काळं ऑईल सेंट्रिंगवाले घेऊन जातात, ते बरंच आहे. ओढ्यात ओतण्यापेक्षा कितीतरी बरं.

सोडवायचा क्रम कुणी काहीही सांगो, पहिली बॅटरी, आणि तिचीही आधी अर्थची वायर. पॉझिटिव्ह खोलताना पाना चेसिसला टेकला, तर अर्थ आधीच निघालेली असल्यानं ठिणगी पडत नाही. मग बोनेट, पुढची जाळी, पंखा, रेडिएटर. चिकटलेला होज पाईप स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायचा नाही, पितळी तोंड वाकतं. जुना पाईप ब्लेडनं उभा चिरून सोलून काढावा, तो तसाही टाकायचाच असतो. डिझेलच्या पाईपांचे बँजो बोल्ट (आतून पोकळ) खोलल्यावर त्यांची तांब्याची वायसर त्याच बोल्टात परत अडकवून ठेवावी. उघड्या तोंडांना चिंधी कोंबायची सवय मोडली पाहिजे. सुताचे धागे आत जातात, आणि मायकोच्या डिझेल पंपात धागा किंवा धुळीचा कण गेला की तो पंप कॅलिब्रेशनच्या टेबलावरच जाणार. स्वच्छ प्लास्टिक आणि रबर बँड पुरतं. पंप इंजिनावरच राहू द्यावा, टायमिंगला हात लावायचं काम नाही. मग ॲक्सिलरेटरची दांडी, बंद करायची केबल, कंप्रेसरचा पाईप, ऑईल प्रेशर आणि टेंपरेचरच्या वायरी, सेल्फ, डायनामो. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर पेननं नाव, आणि सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. फोटोवर विसंबून चिकटपट्टी टाळू नये. काळ्या इंजिनावर काळी वायर फोटोत शोधून दाखवा. आणि सगळं सोडवून झालं असं वाटतं, तेव्हा इंजिनापासून चेसिसला गेलेली विणलेली अर्थपट्टी हमखास राहिलेली असते.

नट-बोल्ट एकाच घमेल्यात टाकणं हा नंतरच्या भांडणांचा उगम. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीला वेगळे. लांब बोल्ट आखूड भोकात गेला, तर तळाला टेकून आवळल्यासारखा वाटतो आणि जोड मात्र सैल राहतो. जिथून निघाला तिथंच दोन आटे फिरवून ठेवला की प्रश्नच मिटतो. जे ठेवता येत नाहीत, त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर आकृती काढून भोकं पाडावीत आणि बोल्ट त्या-त्या जागी खोचावेत.

सायलेन्सरच्या फ्लँजचे स्टड सगळ्यात नाठाळ. वर्षानुवर्षं लाल होऊन गार झालेला तो नट आणि स्टड आता एकजीव झालेले असतात. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं आटे घासून गंजावर चालणारं तेल सोडावं. सकाळी आधी किंचित आवळायच्या बाजूला हिसका द्यावा. तिथं गंजाची पकड सुटली की मग खोलायच्या बाजूला. पाव फेरा पुढं, आठवा भाग मागं. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरावी, बारा कोनांची गोटी झिजलेल्या नटावर घसरते. तरी नाही हललं तर गॅसनं नट तापवावा, स्टड नाही. पण तोवर डिझेलचे पाईप सुटलेले असतात आणि खाली सांडलेलं असतं, हे विसरून लायटर काढणारे महाभाग आहेत. त्यापेक्षा नट छन्नीनं उभा चिरावा. नट दहा-वीस रुपयांचा आणि तुटलेला स्टड ड्रिल करायला दिवस जातो. टर्बोवालं इंजिन असेल तर टर्बोची चारही तोंडं त्याच क्षणी बंद. आत पडलेला एक वायसर पुढच्या इंजिनाला पहिल्याच सेल्फमध्ये कळतो.

आता बेल हाउसिंग. इथं दोन मतं आहेत. एक मत असं, की गिअरबॉक्स आधी खाली उतरवावा आणि मग इंजिन मोकळं काढावं. त्यासाठी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचा जॉइंट सोडवावा लागतो, सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचनं खूण करावी लागते, नाहीतर शाफ्ट फिरून बसतो आणि गाडी थरथरते. क्लच, रिलीज बेअरिंग, गिअरचं ऑईल सील असं सगळं बघायचं असेल तर हीच वाट. पण माणसं कमी असतील तर माझं मत दुसऱ्या बाजूला: गिअरबॉक्स जागीच ठेवावा, त्याच्या खाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्यावा, वरून चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर आडवा पाईप टाकून साखळीनंही बांधावा, आणि इंजिन पुढं घ्यावं. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट बोनेटमधून दिसत नाहीत. केबिनमधली पायाखालची पाटी उचलली की लांब टॉमीला (दांडीला) गोटी लावून ते हाती येतात. भोकं मोजावीत, निघालेले बोल्ट मोजावेत. आकडे जुळल्याशिवाय पहार हातात घ्यायची नाही. एक बोल्ट राहिलेला असताना फटीत पहार घालून रेटलं, की हाउसिंगचा कान मोडतो.

सगळे बोल्ट काढण्याआधी दोन समोरासमोरच्या भोकांत डोकं कापलेले लांब स्टड बसवावेत, पाच-सहा इंची. डोक्याच्या जागी करवतीनं खाच पाडली की स्क्रू ड्रायव्हरनं काढता-घालता येतात. इंजिन या दोन रुळांवर सरळ पुढं येतं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून आरपार जाऊन टोकाला इंजिनाच्या पायलट बेअरिंगमध्ये शिरलेला असतो. इंजिन वीतभर सरळ पुढं आल्याखेरीज तो सुटत नाही. त्या वीतभर अंतरात इंजिनाचं बूड खाली झुकलं, तर अर्धा टन त्या एका शाफ्टवर येतो. शाफ्ट वाकतो, नाहीतर क्लच प्लेटची नाभ सुटते. आणि हे त्या दिवशी कळत नाही. दुसरं इंजिन बसवल्यावर क्लच नीट सुटत नाही, गिअर पडताना खर्रर्र आवाज येतो, आणि शिव्या मात्र आणलेल्या इंजिनाला. इंजिन हलत नसेल तर रेटू नये; वाकून फट बघावी. वर बोटभर आणि खाली बंद असेल, तर कुप्पी किंवा जॅक एक-दोन दात वर-खाली करून फट सगळीकडून सारखी करावी. सारखी झाली की ते हातानं येतं.

इंजिन असं पुढं घेण्याआधीच साखळी लावायची, ती हेडवरच्या उचलायच्या कानांना. चेंबरखालून, पंपाखालून किंवा मॅनिफोल्डभोवती गुंडाळायची नाही. दोन कानांपासून वर जाणाऱ्या साखळ्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा. कोन १२० झाला की प्रत्येक साखळीवर इंजिनाचं पूर्ण वजन येतं, अर्धं नाही. तोकडी साखळी ताणून लावणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि कान उपटून येतो. फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) मागं असल्यानं मागची बाजू जड, म्हणून मागची साखळी किंचित आखूड. साखळीनं वजन घेतलं, की मगच फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चेसिसला धरणारे, बोल्ट काढावेत. शाफ्ट सुटला की चार बोटं उचलायचं आणि थांबायचं. एका माणसानं टॉर्च घेऊन सगळीकडून फिरून बघायचं: कुठली वायर ताणलीय का, कुठला पाईप राहिलाय का. अर्थपट्टी राहिली असेल तर ती इथं सापडते. तेवढं झाल्यावर गिअरबॉक्सखालचा जॅक काढायचा, तो साखळीवर राहतो, आणि गाडी मागं. रिकामी गाडी काँक्रीटवर चार-पाच माणसांनी सरकते; मातीत मागच्या चाकाखाली पहार घालून बोटाबोटानं सरकवावी. ट्रॅक्टर लावला तर हिसका बसतो. एकजण फक्त गुटका धरायला, आणि लटकलेल्या इंजिनाखाली कुणाचाही हात, पाय, डोकं नाही, पडलेली गोटी काढायलासुद्धा नाही.

उतरवताना जुना टायर खाली टाकतात. टायरवर इंजिन डुलत नाही हे खरं, पण सगळं वजन चेंबरच्या पत्र्यावर येतं आणि तो आत दबला की ऑईल पंपाच्या जाळीला टेकतो. चेंबर पुन्हा वापरायचा असेल, आणि बहुतेकदा तो वापरावा लागतो, तर ब्लॉकच्या दोन्ही कडांखाली लाकडी ओंडके देऊन चेंबर अधांतरी ठेवावा.

आणि आता भंगारवाल्याला फोन लावायची घाई नको. आणलेलं इंजिन याच्या शेजारी ठेवावं आणि दोन्ही एका बाजूनं बघत जावं. चेंबरचा खोलगट भाग पुढं आहे की मागं. तो पुढच्या आडव्या पट्टीवर टेकणार नाही ना? फाउंडेशनचे कान त्याच जागी आहेत का? फ्लायव्हीलचे दात मोजा, क्लच प्लेटचा व्यास टेपनं घ्या, तिच्या आतल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर प्रत्यक्ष घालून बघा. सेल्फ बारा व्होल्टचा की चोवीसचा? पंखा रेडिएटरपासून किती लांब येतो? पाण्याचं वरचं तोंड कुठल्या बाजूला वळलंय? हे सगळं जमिनीवर असताना अर्ध्या तासाचं काम आहे. चेसिसमध्ये अडकल्यावर पुन्हा तिपाई. पायलट बेअरिंग, मागचं ऑईल सील आणि ब्लॉकचे पाण्याचे बूच आणलेल्या इंजिनाला आत्ताच नवे घालून घ्यावेत, मागच्या बुचापर्यंत नंतर हात पोचत नाही. आणि मग जुन्याचं हेड खोलावं. दमलेल्या माणसाला हे नको वाटतं, पण याच कामासाठी बाकी सगळं केलं. पॅकिंग कुठल्या सिलिंडरला जळलं, कुठल्या बोअरमध्ये उभे ओरखडे आहेत, कुठला पिस्टन डोक्यावर वितळलाय. मागचे दोन भाजलेले आणि पुढचे धड, तर पाणी. सगळे बोअर वरच्या अंगाला सारखे झिजून कड आलेली, तर धूळ. एकाच पिस्टनला डोक्यात खड्डा, तर त्याच सिलिंडरचा नोझल. त्या टँकरच्या जुन्या इंजिनाचं हेड कुणी खोललं असतं, तर सहाव्या सिलिंडरनं रेडिएटरचं नाव घेतलं असतं, आणि रॉडिंगच्या पैशात दुसरं इंजिन वाचलं असतं.

राहिलं कागदाचं. गाडी परभणीची एमएच २२ असो नाहीतर बीडची एमएच २३, आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला पाहिजे, आणि इंजिन बदलाचं प्रकरण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओकडं जातं. नंबर ब्लॉकवर असतो, म्हणून फक्त हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा ब्लॉक) टाकलं तरी नंबर बदलतोच. आणलेल्या इंजिनाच्या नंबरपट्टीवर ग्राइंडर फिरल्याची खूण दिसली, तर ते स्वस्तात मिळालं तरी परत करावं. बिलावर तोच नंबर आणि विकणाऱ्याचा पत्ता लिहून घ्यावा. जुन्या ब्लॉकच्या नंबराची पेन्सिल प्रिंट काढून आरसीच्या झेरॉक्सला टाचावी आणि भंगारवाल्याच्या पावतीवरही तो नंबर घालून घ्यावा. सेल्फ, डायनामो, कंप्रेसर, पंप, फाउंडेशनचे ब्रॅकेट आणि उचलायचे दोन कान काढून ठेवावेत. किलोच्या भावात त्यांचं काही येत नाही आणि सुटे घ्यायला गेलं की परवडत नाहीत. मग भंगारवाल्याला खुशाल फोन लावावा.